जुनं दप्तर कुलपात, जिवंत माणूस उघड्यावर

सप्टेंबर २०२३ मध्ये मराठा समाजाच्या जुन्या कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि महाराष्ट्रातल्या तहसील कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांत पिढ्यान्‌पिढ्या न सुटलेले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सुटले. कोतवाल बुकं, खासरा पत्रकं, पाहणी पत्रकं, शाळांचे प्रवेश-निर्गम उतारे, १९५१ ची नागरिक नोंदवही. मराठवाड्यात निजामाच्या काळातले उर्दू-फारसी कागद, इकडे मोडीतले. जानेवारी २०२४ पर्यंत ५४ लाखांवर कुणबी नोंदी मिळाल्याचं सरकारने सांगितलं. आरक्षणाच्या वादात मला इथे जायचं नाही. मला दिसते ती दुसरी गोष्ट. सामान्य शेतकरी घरांनी आपला पंजोबा सरकारी कागदात शोधायला एवढ्या मोठ्या संख्येने बसण्याची आपल्या राज्यातली बहुधा ही पहिलीच वेळ. कुलवृत्तांत छापणारी घराणी आपल्याकडे होती, पण मोजकी, आणि बहुतेक लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या जातींची. बाकीच्यांचा इतिहास रुमालात बांधलेला होता.

या शोधाने मला एक प्रश्न घालून दिला आहे, आणि त्यावर माझं मत ठाम होत गेलं आहे. नोंदींतून नातेवाईक शोधण्याची सोय आपण नेमकी उलटी करून ठेवली आहे. मेलेल्या माणसांचे कागद, ज्यांनी कोणाचं फारसं वाकडं होणार नाही, ते मिळवायला माणसाने तहसीलच्या पायऱ्या झिजवायच्या. आणि जिवंत माणसाचं नाव, बापाचं नाव, घर क्रमांक, वय, जमिनीतला हिस्सा आणि डोक्यावरचं कर्ज मात्र कोणीही घरबसल्या पाहायचं.

आधी जुन्या कागदांचं पाहू. समजा पंजोबांचं नाव राणू. जिल्ह्याच्या संकेतस्थळावर तालुका निवडला, गाव निवडलं, पीडीएफ उघडली. मोडीतलं पान, शेजारी देवनागरीत लिप्यंतर. ‘राणू बिन सखू’, म्हणजे सखूचा मुलगा राणू, जात कुणबी, मुलगा झाला, तारीख. आडनाव नाही. झालेल्या मुलाचंही नाव नाही, कारण गाव नमुना चौदाची, म्हणजे कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद बारशाच्या आधीच होऊन जायची. आता हा राणू आपलाच कशावरून? नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपली रीत, त्यामुळे एकाच भावकीत पुढे-मागे दोन राणू आणि दोन सखू निघतात. वरच्या आळीतल्या भावकीतही एखादा राणू असतोच. नोंद सापडली म्हणून नातं सापडलं असं होत नाही. त्यासाठी वंशावळ जोडावी लागते आणि वंशावळीतला प्रत्येक सांधा कुठल्या तरी दुसऱ्या कागदाने धरावा लागतो.

तो सांधा सर्वांत चांगला धरतो वारस फेरफार. जुन्या सातबाऱ्यावर नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक असतो. तो फेरफार काढायचा. त्यात लिहिलेलं असतं की अमुक खातेदार अमुक तारखेस मयत, त्यास वारस हे मुलगे, ही विधवा पत्नी. त्यातल्या मुलाच्या नावापुढचा फेरफार काढला की पुढची पिढी. अशी साखळी मागे नेत गेलं की विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत माणूस पोचतो, आणि वाटेत कधी नाव न ऐकलेला एखादा चुलत पणजोबा भेटतो, जो वाटणी घेऊन दुसऱ्या गावी गेला होता. हे काम मी लोकांना करताना पाहिलं आहे. जातीचा दाखला हवा म्हणून आलेला मुलगा दाखल्याचं विसरून त्या चुलत पणजोबाची माणसं आता कुठे असतील, यावर बोलत बसतो. ही भूक खरी आहे. तिला हौस म्हणून बाजूला सारू नये.

काही जिल्ह्यांचे जुने सातबारे आणि फेरफार ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर आले आहेत, ते उत्तम झालं. पण गावाची फाइल उघडून पान पान चाळणं म्हणजे शोध नव्हे. नावांची सूची नाही, मोडी वाचणारी माणसं थोडी. आणि सर्वांत मोठी चुकलेली संधी म्हणजे २०२३-२४ ची मोहीम. सरकारी पैशाने कोट्यवधी कागद हाताळले गेले, ते एकच जात शोधायला. त्याच पानांवर धनगर होते, तेली होते, महार-मांग होते, गावचा मुलाणी होता, कोष्टी होता. कर्मचाऱ्यांची नजर त्या ओळींवरून पुढे गेली. इतर मागासवर्गाच्या दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०. म्हणजे त्याच कपाटाकडे या सगळ्यांनाही यावंच लागतं, प्रत्येकाला एकेकटं, आपापल्या अर्जासह.

आता मेलेल्यांकडून जिवंतांकडे येऊ.

सरकारच्या ‘महाभूलेख’ संकेतस्थळावर कोणत्याही गावाचा सातबारा पाहता येतो. गट क्रमांक माहीत नसला तरी चालतं. पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव, कशानेही शोधता येतं. समोर येतात खातेदारांची नावं, प्रत्येकाचं क्षेत्र आणि ‘इतर अधिकार’ या रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा. कोकणात एकेका सामायिक सातबाऱ्यावर चाळीस-पन्नास नावं असतात, त्यातली निम्मी मुंबईत, काही वारलेली आणि वारस न लागलेली. एखाद्या महामार्गाची वा प्रकल्पाची कुणकुण लागली की जमिनीचा दलाल हे पान उघडतो. नावं घेतो, मतदार यादीत वय आणि वडिलांचं नाव जुळवतो, फेसबुकवर गावाच्या मंडळाचे फोटो पाहतो आणि नालासोपारा, बदलापूर, डोंबिवली करत एकेका हिस्सेदाराच्या दारात उभा राहतो. आपल्या चुलत भावाचा पत्ता आपल्याआधी त्याला लागलेला असतो.

माझ्या ओळखीच्या एका बाईंची गोष्ट सांगतो. वय सत्तरीच्या पुढे, सासरी डोंबिवलीला, माहेर लांज्याकडचं. वडील गेले तेव्हा वारस फेरफारात भावांची नावं खातेदार म्हणून लागली आणि यांचं नाव ‘इतर अधिकार’ रकान्यात टाकलं गेलं, तेही माहेरच्या नावाने. पन्नास वर्षांत त्या रकान्याची आठवण माहेरच्या कोणी काढली नाही. मग एके दुपारी अनोळखी माणसाचा फोन आला. “काकू, तुमचं नाव सातबाऱ्यावर आहे, ठाऊक आहे का?” त्याला एक सही हवी होती. बोलता बोलता तो म्हणाला, तुमचे धाकटे बंधू वारले ना, त्यांच्या मुलांनी सह्या दिल्यात. भावाच्या घरी अबोला होता, त्यामुळे भाऊ गेल्याचं यांना तोवर कोणी कळवलंच नव्हतं. ती बातमी त्यांना दलालाच्या तोंडून कळली.

या प्रकारात बेकायदा काही नाही. नोंद सार्वजनिक, फोन करायला बंदी नाही, हिस्सा विकायला हरकत नाही. म्हणूनच मला तो अधिक गंभीर वाटतो. मयत खातेदाराला भलताच वारस उभा करून जमीन लाटली तर निदान गुन्हा दाखल होतो. इथे सगळं नियमात बसतं, आणि तरी ज्याला नातं जोडायचं आहे त्याच्यापेक्षा ज्याला ते विकायचं आहे तो कायम एक पाऊल पुढे राहतो, कारण त्याच्याकडे वेळ आहे, माणसं आहेत आणि त्या कामाचे पैसे मिळतात.

हे पुढे कुठे जातं ते पाहायचं असेल तर अमेरिकेतल्या मराठी माणसांना विचारावं. तिथे घरखरेदीचे दस्त, कोर्टाची कागदपत्रं, मतदार नोंदणी, जुने पत्ते असं सगळं गोळा करून विकणाऱ्या कंपन्या आहेत. नाव टाकलं की वय, आजवरचे पत्ते आणि खाली ‘संभाव्य नातेवाईक’ अशी यादी येते. यंत्र ती यादी बरीचशी पत्ता आणि आडनाव जुळवून बनवतं. त्यामुळे शिकायला गेले असताना ज्याच्यासोबत फ्लॅट वाटून घेतला तो तेलुगू मुलगाही जोशींच्या यादीत नातेवाईक म्हणून निघू शकतो, आणि लग्नानंतर आडनाव न बदललेली बायको गळू शकते. चूक असली तरी यादी विकली जाते. आणि बरोबर असली तर?

जुलै २०२० मध्ये न्यू जर्सीतल्या नॉर्थ ब्रन्सविक इथे, जिथे आणि ज्याच्या आसपास भारतीय कुटुंबांची दाट वस्ती आहे, फेडरल न्यायाधीश एस्थर सॅलस यांच्या घरी कुरियरवाल्याच्या वेषात एक माणूस आला. त्यांच्यासमोर खटला चालवलेला तो वकील होता. त्याने त्यांच्या वीस वर्षांच्या मुलाला, डॅनियलला, गोळी घालून मारलं आणि पतीला जखमी केलं. घराचा पत्ता आणि कुटुंबाची माहिती त्याने इंटरनेटवरून जमवली होती. त्याच वर्षी न्यू जर्सीने ‘डॅनियल्स लॉ’ केला, न्यायाधीश आणि पोलिसांचे घरचे पत्ते उघड करण्यावर बंधन आणणारा. कॅलिफोर्नियाने २०२३ च्या कायद्याने सामान्य नागरिकालाही हक्क दिला, आणि जानेवारी २०२६ पासून एकाच अर्जाने सगळ्या नोंदणीकृत डेटा-व्यापाऱ्यांना ‘माझी माहिती पुसा’ असं सांगण्याची सोय उघडली. आधी सगळं उघडं टाकायचं आणि मग एकेकाने अर्ज करून पुसून घ्यायचं, हा उलटा मार्ग आपण का धरावा?

आपल्या कायद्याला हा विचार अनोळखी नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात कलम १७ आहे. कोणालाही नोंदवहीत शोध घ्यायला लावता येतो, दाखला मागता येतो, पण मृत्यूच्या दाखल्यात मृत्यूचं कारण सांगायचं नाही. अर्धशतकापूर्वी, संगणक नसताना, कोणीतरी बसून ठरवलं की माणूस गेला हे जगाला कळू दे, कशाने गेला हे घरच्यांपुरतं राहू दे. १९४८ च्या जनगणना कायद्याने तर कुटुंबाची माहिती कोर्टातही पुरावा म्हणून चालू नये असं कलम १५ मध्ये लिहून ठेवलं. त्या मानाने २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा या बाबतीत ढिला आहे. कायद्याने जी माहिती प्रसिद्ध करणं बंधनकारक आहे तिला तो लागूच होत नाही. एकदा एखाद्या कायद्याखाली यादी प्रसिद्ध झाली की तिच्यातली नावं उचलून कोणी काय जोडतो, त्यावर या कायद्याचा हात पोचत नाही.

दत्तकाच्या बाबतीत मात्र आपल्याकडे या प्रश्नाचं सर्वांत समंजस उत्तर आधीच लिहिलेलं आहे. पुण्या-मुंबईच्या संस्थांतून परदेशी दत्तक गेलेली मुलं आता मोठी होऊन आपली आई शोधायला येतात. दत्तक नियमावली २०२२ त्यांना मूळ शोधण्याचा हक्क देते, पण दोन अटी घालते. जन्मदात्यांच्या खासगीपणाला धक्का लागता कामा नये, आणि त्रयस्थाला हा शोध घेता येणार नाही. या अटींनी अनेक शोध अडतात, शोधणाऱ्याच्या वाट्याला दुःख येतं, ते मी मान्य करतो. तरी ज्या बाईने चाळीस वर्षांपूर्वी कोणाला न सांगता मूल दिलं आणि नंतर संसार मांडला, तिच्या दारात पहिल्यांदा कोण आणि कसं जाणार हे तिला न विचारता ठरू नये. माझ्या मते जिवंत माणसांच्या बाबतीत सगळीकडे हेच तत्त्व हवं. शोधायचा हक्क शोधणाऱ्याचा, दार उघडायचं की नाही हा निर्णय सापडणाऱ्याचा.

त्र्यंबकेश्वरचे क्षेत्रोपाध्ये, म्हणजे तिथले तीर्थपुरोहित, पिढ्यान्‌पिढ्या जवळपास हेच करत आले आहेत. यजमान आला की आधी प्रश्न सुरू होतात. आडनाव काय, मूळ गाव कोणतं, आजोबांचं नाव, ते कोणासोबत आले होते. उत्तरं जुळली की मगच त्या गावाची वही खाली येते, आणि तिच्यात आजोबांच्या हातची मोडी सही असते. हरिद्वारच्या अशाच वह्यांची सूक्ष्मचित्रं (मायक्रोफिल्म) निघून त्या आज परदेशी संस्थेच्या संकेतस्थळावर आहेत. ते पाहून आनंद होतो, पण वही सांभाळणाऱ्याने विचारलेले ते चार प्रश्न तिथे कोणी विचारत नाही.

मग करायचं काय? नेदरलँड्सचा नियम मला घेण्याजोगा वाटतो. तिथे जन्माची नोंद शंभर वर्षांनी, लग्नाची पंचाहत्तर वर्षांनी आणि मृत्यूची पन्नास वर्षांनी सर्वांना खुली होते, आणि खुली झाली की सूचीसकट होते. महाराष्ट्राने हेच आकडे घ्यावेत असं नाही, पण वर्षांची रेघ एकदा ठरवावी. रेघेच्या मागचं सगळं खुलं, देवनागरी सूचीसह, फुकट. रेघेच्या पुढचं ज्याचं त्याला. सातबारा बंद करा असं मी म्हणत नाही. जमीन कोणाची हे उघड असणं हीच लहान शेतकऱ्याची ढाल आहे. पण गट क्रमांकाने शोध खुला ठेवून नावाने शोध ओळख पटवलेल्या माणसापुरता ठेवता येईल. आणि कोणी आपलं पान पाहिलं याची नोंद खातेदाराला दिसायला हवी. दलालाने चाळीस हिस्सेदार एका रात्रीत शोधले, तर निदान त्या चाळिसांना सकाळी ते कळेल आणि ते एकमेकांना फोन करतील.

मतदार यादीचा प्रश्न याहून कठीण आहे, आणि तिथे माझं मन पूर्ण एका बाजूला झुकत नाही. यादी तपासता आली नाही तर बोगस नावं कोण पकडणार? वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव काढलं तर एकाच वाडीतल्या दोन सुरेश पाटलांत फरक कसा करणार? नोव्हेंबर २०२५ पासून गोव्यासह १२ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत जी विशेष फेरतपासणी झाली, तिच्यात तर लोकांना २००२ च्या सुमाराच्या यादीत स्वतःचं किंवा आईवडिलांचं नाव शोधून नातं दाखवावं लागलं. सावंतवाडीहून लग्न होऊन गोव्यातल्या पेडण्यात गेलेल्या बाईला बापाचं नाव महाराष्ट्राच्या जुन्या यादीत शोधावं लागतं. तिथे ती यादी ऑनलाइन नसती तर तिचंच नुकसान. म्हणून यादी खुली राहावी, पण तिची घाऊक प्रत कोणी नेली हे नोंदलेलं असावं आणि निवडणुकीखेरीज वापरली तर शिक्षा असावी, इथपर्यंत मी येतो.

माझ्या सूचनेवर एक आक्षेप मात्र मला स्वतःला सर्वांत जड वाटतो. मेलेल्यांच्या नोंदीही निरुपद्रवी नाहीत, कारण त्यांत जातीचा रकाना आहे. शहरात आडनाव बदलून राहिलेल्या दलित कुटुंबाचं मूळ एखाद्या घरमालकाने सूचीतून काढलं तर? हे होईल. आपल्या समाजाला ओळखणारा कोणीही हे होणार नाही असं म्हणणार नाही. म्हणून खुल्या सूचीत नाव, बापाचं नाव, गाव, वर्ष एवढंच असावं. जात पानावर राहील, ते पान वंशजाने नातं सांगून मागितलं की मिळेल. दाखल्याला अर्ज करणारा तसंही नातं सांगतोच.

आणि सूची करायचीच तर बायकांची नावं वगळून करू नये. १९५६ पर्यंत हिंदू कायद्यात भाऊ असला की मुलगी वारसच नव्हती. त्यानंतरही ती फेरफारात ‘इतर अधिकार’मध्ये गेली, नाहीतर हक्कसोडपत्रावर सही करून बाहेर पडली. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि संसदेने २००५ मध्ये तिला वडिलोपार्जितात जन्मतः हक्क दिला, तरी कागदात ती माहेरच्या नावाने अर्धी आणि सासरच्या नावाने अर्धी राहिली. आजीचं माहेर कोणतं, हे बहुतेक घरांत आजीसोबतच जातं. कुणबी मोहिमेतल्या वंशावळी पाहा, बापाकडून बापाकडे सरळ रेघ. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लागू झालं, ते योग्यच झालं. आता अभिलेख कक्षातले तेच रुमाल पुन्हा सोडून प्रत्येक ओळीची सूची करायला घ्यावी, आणि तिच्यात माहेरचं नाव, माहेरचं गाव असे दोन रकाने पहिल्या दिवसापासून ठेवावेत. लांज्याकडच्या त्या बाईंची नात जेव्हा आजीच्या आईचा शोध घ्यायला बसेल, तेव्हा तिला दलालाची गरज पडू नये.